छातीवरचं नाव आणि कागदावरची सही



या मालेत आम्ही आजवर जे बोललो ते बहुतेक ग्रंथांतलं होतं. आजचा विषय ग्रंथातला नाही, कपड्यातला आहे. महाविद्यालयात शिकणाऱ्या खेळाडूच्या अंगावरचा कपडा. तो कोण देतो, कशाच्या बदल्यात देतो, आणि त्या देण्याघेण्याचा जो कागद होतो त्यावर सही कोणाची असते. विषय कळवला तेव्हा संयोजकांनी फोनवर विचारलं, "सर, यात तत्त्वज्ञान कुठंय?" आम्ही म्हणालो, बोलून बघतो, सापडलं तर सांगतो. (हशा)

पहाटे साडेपाचला बीडहून आष्टीकडे जाणाऱ्या रस्त्यानं कधी गेलात तर पोरं पळताना दिसतात. पोरीही असतात. पोलीस भरती, सैन्य भरती. अंगात एकसारखे टी-शर्ट, पाठीवर अकॅडमीचं नाव आणि खाली मोबाईल नंबर. कुणाच्या छातीवर एखाद्या नेत्याचा हात जोडलेला फोटो, कुठल्या तरी वाढदिवसाच्या मॅरेथॉनमध्ये मिळालेला. ते पोरगं धापा टाकत असतं आणि त्याच्या प्रत्येक श्वासाबरोबर तो फोटो वरखाली होतो. आम्ही एकदा गाडी थांबवून एकाला विचारलं, "बाळा, हे कोण?" तो म्हणाला, "माहीत नाही सर, फुकट भेटलाय."

"फुकट भेटलाय" या दोन शब्दांवरच आम्हाला आज बोलायचंय. कारण त्यांतला पहिला शब्द खरा नाही.

नाव मिरवण्याची हौस जुनी आहे, ती काही कंपन्यांनी शोधून काढलेली नाही. पण आपल्याकडचा जो मूळ खेळ, कुस्ती, त्यात पैलवानाच्या अंगावर नाव लिहायला जागाच नव्हती. लंगोट आणि माती. राहुल आवारे आपल्या पाटोद्याचा. २०१८ साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्ण, पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्य. तो ज्या परंपरेतून आला तिथं देणगीदाराचं नाव कुठं जायचं? भोंग्यावर. जत्रेच्या फडात हलगी थांबते आणि पुकारा होतो, अमक्या अमक्याकडून या कुस्तीला इतके रुपये इनाम. नाव येतं आणि त्याच दमात रक्कमही येते. सगळ्या गावाला ऐकू जाते. रक्कम कमी असली तर लोक हसतात, आणि देणाऱ्याला ते ऐकून घ्यावं लागतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, आम्ही त्याकडे परत येणार आहोत. नाव आणि रक्कम एका श्वासात.

आता महाविद्यालयाकडे येऊ. मराठी मुलखात महाविद्यालयानं खेळाडूला उभं करण्याची जी कथा सगळ्यांना ठाऊक आहे ती कोल्हापूरची. खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे, राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९५२ सालच्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जायचं तर पैसा नव्हता. महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर सात हजार रुपयांना गहाण टाकलं. खाशाबा गेले, कांस्य घेऊन आले, स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. आणि परत आल्यावर कुस्त्यांचे फड लावून, त्या पैशांतून प्राचार्यांचं घर सोडवलं, असं सांगतात.

ही गोष्ट आपण नेहमी त्यागाची म्हणून ऐकतो. भाषणात टाळ्या मिळतात. आम्हाला ती कायद्याच्या अंगानं बघावीशी वाटते. गहाणखतावर सही कोणाची होती? खर्डेकरांची. धोका कोणाचा? खर्डेकरांचा. पदक आलं नसतं तर घर कोणाचं गेलं असतं? त्यांचंच. म्हणजे ज्यानं सही केली त्यानंच जोखीम घेतली, आणि जो खेळला त्याच्या अंगावर कोणाचं नाव आलं नाही. खेळाडूच्या वतीनं केलेला करार असाही असू शकतो. पुढं तो उलटा झाला.

उलटा कसा झाला ते बघायला थोडं अमेरिकेत जावं लागेल, कारण महाविद्यालयीन खेळाचा इतका मोठा बाजार दुसरीकडे कुठं नाही. तिथं विद्यापीठाचा बास्केटबॉलचा किंवा फुटबॉलचा सामना बघायला आपल्या क्रिकेटसारखी गर्दी होते. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात नायके कंपनीसाठी सनी वॅकारो नावाच्या माणसानं एक साधी युक्ती केली. विद्यापीठाला विचारायचंच नाही, प्रशिक्षकाला पैसे द्यायचे. प्रशिक्षक पोरांना सांगणार, उद्यापासून हे बूट घाला. पोरं घालणार. पोरांना पैसे घ्यायला बंदी, कारण ती "हौशी" खेळाडू! प्रशिक्षकाला मात्र बंदी नाही. पुढं विद्यापीठांच्या लक्षात आलं की हे पैसे आपल्याकडे यायला हवेत. १९८७ मध्ये मियामी विद्यापीठानं सगळ्या संघांसाठी मिळून एकच करार नायकेशी केला. त्यानंतर रांगच लागली.

यातलं एकच प्रकरण आम्ही जरा सावकाश सांगतो. १९९६ साली विस्कॉन्सिन विद्यापीठ आणि रीबॉक यांच्यात करार ठरत होता. कपडे, बूट, वर पैसे. मसुद्यात एक कलम होतं. त्याचा आशय असा की विद्यापीठ रीबॉकच्या विरोधात अधिकृतपणे काही बोलणार नाही, आणि विद्यापीठाच्या कुठल्या कर्मचाऱ्यानं किंवा प्रशिक्षकानं कंपनीची निंदा केली तर विद्यापीठ त्यावर तातडीनं पावलं उचलेल. आता कर्मचारी म्हणजे कोण? प्राध्यापकही आलेच की. अर्थशास्त्राचा प्राध्यापक वर्गात म्हणाला की या कंपनीचे बूट जिथं शिवले जातात तिथल्या बायकांना किती मजुरी मिळते ते बघा, तर ती निंदा होते का? तिथल्या प्राध्यापकांनी सह्या गोळा केल्या, ओरड केली, आणि ते कलम निघालं. करार राहिला, कलम गेलं.

आम्ही हे वाचलं तेव्हा आधी हसलो. बुटांच्या बदल्यात जीभ! आणि मग हसू थांबलं. तसलं कलम आम्ही स्वतः लिहून दिलेलं होतं. इंग्रजीत नाही, मराठीत. मसुदा तपासायला वकील नव्हता, सह्या गोळा करणारे सहकारी नव्हते. ती हकीकत सांगतोच.

नव्वदच्या दशकाच्या मध्यात आम्ही जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात शिकवत होतो. नाव सांगत नाही, सांगून कोणाचं भलं होणार नाही. तत्त्वज्ञानाच्या वर्गात पोरं किती असायची ते विचारू नका, म्हणून प्राचार्यांनी आम्हाला जिमखाना समितीचं अध्यक्ष केलं होतं. कामाचा भार पूर्ण व्हायला हवा ना. (हशा) फिजिकल डायरेक्टर धडपड्या होता. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा तोंडावर, आणि संघाला कपडे नाहीत. तेवढ्यात गावातले एक व्यापारी पुढं आले. सगळ्या संघाला बनियन, हाफ पँट आणि बूट देतो म्हणाले. बनियनवर दुकानाचं नाव. एक पत्र हवं म्हणाले, ते आम्ही दिलं. त्यात तीन गोष्टी लिहिल्या होत्या. संघातले सर्व खेळाडू हेच कपडे घालून धावतील. कपडेवाटपाचा कार्यक्रम मैदानावर होईल. आणि तिसरं, वस्तूंबद्दल कोणतीही तक्रार बाहेर केली जाणार नाही. हे तिसरं वाक्य त्यांनी सुचवलं, आणि आम्ही सुवाच्य अक्षरात लिहिलं. खाली सही केली, पदनामासह.

संघात आठशे मीटर पळणारी एक मुलगी होती. आईबाप ऊसतोड कामगार. दसरा झाला की टोळीबरोबर कारखान्यावर जायचे, ही आजीपाशी राहून शिकायची. कपडे आले ते सगळे एकाच मापाचे, पुरुषांचे. बनियन तिच्या गुडघ्यापर्यंत येत होतं. दोन बाजूंनी सेफ्टी पिना लावल्या. बूट एक नंबर मोठे, पुढं कापूस कोंबला. स्पर्धेच्या दिवशी पाहुण्यांना यायला उशीर झाला, त्यामुळे वाटपाचा कार्यक्रम लांबला. मंडपात भाषणं, आणि पोरं उन्हात चुन्यानं आखलेल्या ट्रॅकजवळ ओळीत उभी, हातात कपड्यांचा गठ्ठा घेऊन फोटोसाठी. तिची शर्यत त्यानंतर लगेच होती. दुसऱ्या फेरीच्या वळणावर उजवा बूट निघाला. ती एका पायात बूट घेऊन पळाली. चौथी आली.

आम्ही तिला विचारलं, "आधी सांगितलं का नाहीस, बूट मोठे आहेत म्हणून?"

ती म्हणाली, "सर, बोलायचं नाही असं तुम्हीच लिहून दिलंय म्हणे."

फिजिकल डायरेक्टरनं तिला पत्र वाचून दाखवलं होतं. त्याची चूक नव्हती, तो शिस्तीचा माणूस.

तेव्हापासून आमचं या विषयातलं मत एकाच ठिकाणी अडकून बसलंय. लोक विचारतात, खेळाडूच्या छातीवर कंपनीचं नाव असावं का? आम्हाला तो प्रश्न दुय्यम वाटतो. खरा प्रश्न असा आहे की जो घालतो तो सही करत नाही, आणि जो सही करतो तो घालत नाही.

बीडच्या माणसाला हे समजवायला कान्ट लागत नाही. उचल म्हणजे काय ते आपल्याला कळतं. हंगामाआधी मुकादम कोयत्याला, म्हणजे नवराबायकोच्या जोडीला, आगाऊ पैसे देतो. ती उचल. मग हंगामभर ऊस तोडून ती फेडायची. फिटली नाही तर पुढच्या हंगामावर. या पद्धतीतला अन्याय आपण पिढ्यान्पिढ्या बघतोय, त्यावर इथं वेगळं बोलायची गरज नाही. पण उचलीत निदान एवढं तरी आहे की जो घेतो तोच तोडतो. पैसे त्याच्या हातात पडलेले असतात, मुलीच्या लग्नाला का होईना, त्यानं ते मोजून घेतलेले असतात. खेळाच्या कपड्याचा करार ही अशी उचल आहे, जी मुकादमानंच घेतली, मुकादमानंच ठेवली, आणि फेडायला पोरगं मैदानात उतरवलं.

उपमा ताणतोय असं वाटेल. मग आकडे बघा. २०१६ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेनं, यूसीएलएनं, अंडर आर्मर कंपनीशी पंधरा वर्षांचा करार केला. रक्कम २८ कोटी डॉलर. महाविद्यालयीन खेळांत तोवर एवढा मोठा करार झालेला नव्हता. २०२० मध्ये, करोनाच्या काळात, कंपनीनं अंग काढून घेतलं. सामने झाले नाहीत, आमचं नाव दिसलं नाही, असं म्हणाली. विद्यापीठ कोर्टात गेलं आणि २०२२ मध्ये सुमारे पावणेसात कोटी डॉलरवर मिटलं. आता या सगळ्यात ज्या पोरांच्या छातीवर ते नाव होतं ती कुठं होती? करारात पक्षकार म्हणून नव्हती, दाव्यातही नव्हती. आपल्या नावाचा आणि प्रतिमेचा मोबदला घेण्याची मोकळीक अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळाडूंना मिळाली ती १ जुलै २०२१ ला. तोवर छाती त्यांची आणि भाडं घरमालकाचं.

ओरेगॉनचंही जाता जाता सांगतो. नायकेचे संस्थापक फिल नाइट त्याच विद्यापीठाचे माजी विद्यार्थी आणि मोठे देणगीदार. २००० साली विद्यापीठ कामगारांच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या एका संस्थेचं सदस्य झालं. विद्यापीठांची नावं असलेले कपडे ज्या कारखान्यांत शिवले जातात तिथं जाऊन बघणं हे तिचं काम. नाइट यांनी तीन कोटी डॉलरची देणगी मागं घेतली. पुढं विद्यापीठ त्या संस्थेतून बाहेर पडलं, देणग्या परत सुरू झाल्या. म्हणजे विस्कॉन्सिनमध्ये जे कलमात लिहायला गेले ते ओरेगॉनमध्ये न लिहिताच झालं. दान आणि करार यांच्यातली भिंत किती पातळ असते ते यावरून कळावं. गीतेत सात्त्विक दानाचं लक्षण सांगितलंय, परतफेडीची अपेक्षा नसलेलं. त्या कसोटीवर किती देणगीदार उतरतील, हा हिशेब तुम्हीच करा. आम्ही ज्यांच्याकडून बनियन घेतली ते उतरले नाहीत, आणि आम्हीही नाही.

आपल्या देशातलं मोठं उदाहरण ऑलिम्पिकचं. टोकियोला जाणाऱ्या भारतीय पथकासाठी ऑलिम्पिक संघटनेनं ली निंग या चिनी कंपनीचे कपडे घेतले होते. जून २०२१ मध्ये, स्पर्धा दीड महिन्यावर आली असताना, तो करार सोडला. गलवाननंतरचं वातावरण होतं, सरकारचा सल्ला होता. ठरलं की खेळाडू कुठल्याही कंपनीचं नाव नसलेले कपडे घालतील. त्यात योग्य-अयोग्य काय ते राजकारणाचे जाणकार सांगतील. आमचं कुतूहल निराळं. चार वर्षं सराव केलेल्या खेळाडूच्या अंगावरचा कपडा दीड महिन्यात बदलतो, आणि त्या बातम्यांमध्ये संघटना बोलते, मंत्रालय बोलतं. कपडा अंगाला कसा बसतो हे ज्याला ठाऊक, त्याचं मत शोधावं लागतं.

आणि मग हिमा दास. आसामच्या धिंग गावची. २०१८ मध्ये फिनलंडच्या ताम्पेरेत वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धेत चारशे मीटरचं सुवर्ण. तिनं नंतर एका मुलाखतीत सांगितलं की सुरुवातीच्या दिवसांत तिच्याकडे साधे बूट होते, आणि त्यांवर तिनं स्वतःच्या हातानं "आदिदास" असं लिहिलं होतं. जग जिंकल्यावर त्याच कंपनीनं तिच्याशी करार केला आणि बुटांवर तिचं नाव छापलं. जाहिरातवाल्यांना ही गोष्ट फार आवडते, स्वप्नं खरी होतात वगैरे. आम्हाला त्यातला पहिला भाग आवडतो. आज आम्ही जितकी नावं घेतली त्यांत कंपनीचं नाव स्वतःच्या मर्जीनं, स्वतःच्या हातानं लिहिणारी ती एकटीच आहे. तिनं कोणाची परवानगी घेतली नाही आणि कोणाला गप्प बसण्याचं वचन दिलं नाही.

आता तत्त्वज्ञांना थोडी हजेरी लावू दे, नाहीतर विभागातले जुने सहकारी रागावतील. कान्टनं १७८५ च्या ग्रंथात भेद केलाय, काही गोष्टींना किंमत असते आणि काहींना प्रतिष्ठा. किंमत असलेल्या वस्तूच्या जागी दुसरी वस्तू ठेवता येते, प्रतिष्ठेच्या जागी काही ठेवता येत नाही. आपल्या काळात मायकेल सँडल यांनी २०१२ मध्ये पैशानं काय विकत घेता येऊ नये यावर पुस्तक लिहिलं, त्यात मैदानांची नावं विकण्यावर, शाळांतल्या जाहिरातींवर बरंच आहे. सँडल यांचं म्हणणं थोडक्यात असं की बाजार जिथं शिरतो तिथल्या वस्तूचा अर्थच बदलतो. ते वाचनीय आहे, पण आम्हाला ते श्रीमंत देशाचं दुःख वाटतं. त्यांच्याकडे बाजार जास्त झालाय. आपल्या महाविद्यालयाच्या मैदानावर बाजारसुद्धा धड आलेला नाही. बाजारात निदान घेणारा भाव विचारतो, माप घालून बघतो, नको असेल तर परत ठेवतो. त्या मुलीला यातलं काय करता आलं? तिच्या वाट्याला बाजाराचं बंधन आलं आणि दानाचं ओझं आलं. गिऱ्हाइकाचा हक्क मिळाला नाही आणि नातलगाची मायाही नाही. वर "फुकट भेटलंय" म्हणून आभार मानायचे.

यावर आमचे एक मित्र नेहमी चिडतात. ते म्हणतात, "तुम्ही पेन्शनवाले लोक, तुम्हाला शुद्धता सुचते. पोराला बूट मिळाला तर मिळू द्या की. नाव असलं तर असलं." त्यांचं बरोबर आहे, आम्ही शुद्धतावादी नाही. अनवाणी पायांची आपल्याकडे जी आरती ओवाळली जाते तिचा आम्हाला राग येतो. लता करे बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये लुगडं नेसून अनवाणी पळाल्या आणि जिंकल्या, त्यावर सिनेमा निघाला. लोकांनी पायांचे फोटो काढले. त्या बाई नवऱ्याच्या तपासणीला पैसे हवेत म्हणून पळत होत्या. अनवाणी असणं हा गुण नव्हे, तो बुटांचा अभाव आहे. तेव्हा बूट हवेतच, आणि कंपनीनं दिले तर कंपनीचे हवेत. फक्त पायाच्या मापाचे हवेत, आणि मापाचे नाहीत असं म्हणायची मुभा हवी. हे मागणं फार मोठं आहे का?

अविनाश साबळे आपल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. आज त्याचं नाव घेतल्याशिवाय या जिल्ह्यात खेळावर बोलता येत नाही. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुलमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसचं रौप्य, सुवर्ण अवघ्या पाच शतांश सेकंदानं हुकलं. १९९४ नंतर या शर्यतीत केनियाबाहेरच्या कोणाला पदकच मिळालं नव्हतं. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. २०२४ च्या जुलैत पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८ मिनिटं ९.९१ सेकंद, राष्ट्रीय विक्रम. हा मुलगा बारावीनंतर सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये. सियाचिनला राहिला. धावण्याचं रीतसर शिक्षण त्याला तिथं, सैन्याच्या क्रॉसकंट्रीतून मिळालं. आमच्या महाविद्यालयांच्या जगाशी त्याची गाठच पडली नाही, आणि मनावर दगड ठेवून सांगतो, पडली नाही हे बरं झालं असं कधीकधी वाटतं. पदक आल्यावर फ्लेक्स मात्र लावले जातात. फ्लेक्सवर धावणारा एक असतो आणि न धावणारे बारा.

महाविद्यालयांकडे पैसा नाही हे अर्धसत्य आहे. प्रवेशाच्या पावतीवर जिमखाना शुल्क असतं. ते प्रत्येक पोरगं भरतं, पळणारं आणि न पळणारं. त्याअर्थी त्या बनियनचा पहिला प्रायोजक विद्यार्थीच आहे, त्याचं नाव मात्र कुठं छापत नाहीत. आणि विद्यापीठाच्या संघात निवड झालेल्याला कलर कोट मिळतो. आमच्या काळात तो कोट घालून पोरगं गावात आलं की पारावरची माणसं सरकून जागा द्यायची. त्या कोटावर विद्यापीठाचं चिन्ह असतं, तेही दुसऱ्याचंच नाव म्हणा की. पण ते घामानं कमावलेलं असतं. कोट आणि टी-शर्ट यांतला फरक कापडाचा नाही. कोट धावल्यावर मिळतो आणि टी-शर्ट धावण्याआधी.

मग करायचं काय? आम्ही कायदा सुचवणारे नव्हेत. जत्रेतला भोंगा आठवा एवढंच म्हणू. महाविद्यालयानं कोणाकडून कपडे घेतले तर कराराचा कागद मराठीत, जिमखान्याच्या फलकावर, रकमेसकट लावावा. नाव छातीवर जाणार असेल तर रक्कमही चारचौघांत यावी, म्हणजे कमी पडली तर लोकांना हसता येईल. आणि त्या कागदावर प्राचार्यांच्या सहीशेजारी संघातल्या एका तरी खेळाडूची सही असावी, अठरा वर्षं पूर्ण झालेल्या, मत देऊ शकणाऱ्या. मतदान करण्याइतकी अक्कल आहे असं आपण मानतो, मग बुटाचा नंबर सांगण्याइतकी असेलच. तक्रार न करण्याचं कलम तर कोणी घालूच नये. घातलं तर विस्कॉन्सिनच्या प्राध्यापकांसारखी ओरड करायला आपल्याकडचे प्राध्यापक उठतील का? आमच्या तोंडानं याचं उत्तर शोभणार नाही, कारण आम्ही तेव्हा उठलो नव्हतो. आम्ही अक्षर चांगलं काढलं होतं.

ते पत्र आमच्याकडे अजून आहे, कार्बन कॉपी. निवृत्तीच्या वेळी कपाट रिकामं करताना सापडलं, टाकवलं नाही.

ती मुलगी पुढं पोलिसात लागली. गेल्या पावसाळ्यात ती भेटायला आली, सोबत तिची लेक, पहिल्या वर्षाला शिकणारी, तीही पळते. चहा झाल्यावर तिनं पिशवीतून एक टी-शर्ट काढला. नवा, घडी न मोडलेला. पाठीवर कुठल्या तरी क्लासचं नाव, खाली नंबर.

"सर, हिच्या कॉलेजात दिलाय. घालू देऊ का?"

आम्ही पोरीला विचारलं, "बाळ, मापाचा आहे का?"

पोरगी आईकडे न बघता म्हणाली, "नाही आजोबा. मी बदलून मागितलाय."

वेळ झाली. प्रश्न असतील तर घेऊ. पाठीमागं बसलेल्या फिजिकल डायरेक्टरांपासून सुरुवात करा, ते मघापासून हात वर करून आहेत.